कमानीचा पॉपअप

मुंबईतल्या मंडळाच्या सभेत ठरलं, यंदा वाडीच्या देवळाला कमान बांधायची, नळाचं पुढच्या वर्षी बघू. पोलादपूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या वाडीतल्या सारिकाला अध्यक्ष भरतदादांचा फोन आला. "आपल्या वेबसाइटवर कमानीच्या वर्गणीचा पॉपअप टाक. शिमग्याची पालखी लोक लाइव्ह बघत असतील ना, तवाच आला पायजे."

"टाकते," सारिका म्हणाली. नळाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

शिमग्याला देवळासमोर पालखी नाचायला लागली आणि मुंबईत भरतदादांच्या मोबाइलवर पॉपअप उघडला. कमानीचं झकास चित्र, खाली वर्गणीचा नंबर. बंद करायला फुलीच नव्हती. मागे नुसता ढोल ऐकू येत होता. ढोल थांबत आला, तरी चित्र तिथंच. भरतदादांनी बायकोच्या मोबाइलवरून फोन लावला.

"सारिका, काढ गो तो पॉपअप! पालखी दिसत नाय!"

"आपोआप जाईल दादा. टायमर लावलाय."

"अगो, पण किती वेळाचा?"

"आवडीकाकीला खालच्या विहिरीवरून एक हंडा आणायला लागतो तेवढा."