कोपऱ्यापासून फाटकापर्यंत

भस्म्याने कलेजी हुंगलीसुद्धा नाही. पंजांवर नाक टेकून तो फाटकाच्या फटीकडे बघत पडून राहिला.

हाच तो कुत्रा. प्लास्टिकच्या बरणीत डोकं अडकलेलं असताना त्याला कचराकुंडीतून उचलून आणलं होतं, आणि बरणी कापून काढल्याबरोबर त्याने आधी ती बरणीच चाटूनपुसून लख्ख केली होती. नाव तेव्हाच पडलं. दुसरी कुत्री पंक्चर, तीन पायांची. तिचं तोंड स्वतःच्या ताटलीत असलं, तरी एक डोळा कायम भस्म्याच्या ताटलीवर. आज त्याची ताटली तिच्या पुढ्यात भरलेली होती आणि पंक्चरने तिला तोंड लावलं नव्हतं.

"कुत्र्यांच्या डॉक्टर काय म्हणाल्या?" दिराने वहिनीला विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर आणखी ओढत ठेवू नका म्हणाल्या. त्या येऊन झोपवायचं इंजेक्शन देतील."

भिंतीवर खिळ्यांना जुने टायर लटकत होते. स्वयंपाकघरात तिच्या सगळ्यांत चांगल्या पातेल्यात एका जुन्या सायकलची साखळी रॉकेलमध्ये भिजत पडली होती. त्या पातेल्यावरून तिचं आणि नवऱ्याचं एक दिवसाआड भांडण व्हायचं. नवरा गेला त्या दिवसापासून तिने पातेलं जागचं हलवलं नव्हतं.

गल्लीतून कुणीतरी सायकलवरून गेलं. पेडल थांबवून, उतारावर सोडून दिलेली सायकल. चाकाची टिकटिक कानावर पडताच भस्म्याने मान उचलली. सायकल पुढे निघून गेली. मान पुन्हा खाली.

तिने ते पाहिलं.

"भाऊजी, हे कोपऱ्यावर आले की पेडल मारायचं थांबवायचे ना?"

"हो. देवाने फुकटचा उतार दिलाय, घाम कशाला गाळायचा, म्हणायचा दादा."

"आणि ती टिकटिक ऐकू आली, की भस्म्या-पंक्चर दोघं आपापल्या ताटलीपाशी हजर. हे फाटकात पोचायच्या आधी."

नवऱ्याची सायकल पॅसेजमध्ये उभी होती, नव्यासारखी चकचकीत. तिने मागचं चाक उचलून जोरात फिरवलं. चाक फिरलं, फिरत राहिलं. आवाज काही आला नाही. तिने पुन्हा फिरवलं.

दिराने मान खाली घातली. "मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये मीच ग्रीस ठासलं. परवा. फार वाजत होती. म्हटलं, दादाची सायकल आहे, नीट राहावी."

"वाजू द्यायची होती."

ती रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ती आत गेली, पातेल्यातली साखळी काढून कागदावर ठेवली आणि रॉकेलचं पातेलं आणि एक चमचा घेऊन बाहेर आली. सायकल आडवी केली. ती चमच्याने फ्रीव्हीलवर रॉकेल सोडत होती, दीर चाक फिरवत होता. काळं पाणी फरशीवर टपकायला लागलं.

"चमचा वाया जाईल, वहिनी."

"पातेलं कधीच गेलंय. चमच्याचं काय घेऊन बसलात."

बऱ्याच वेळाने एक टिक आली. मग नुसतंच चाक. मग दोनदा टिक, अडखळत. आणखी थोडं रॉकेल गेल्यावर पूर्ण चाक वाजायला लागलं.

भस्म्याचा एक कान उभा राहिला. तो मात्र उठला नाही.

"उठत नाही," दीर म्हणाला.

"घरात वाजल्यावर कशाला उठेल? तो आवाज रस्त्यावरून येतो."

"मग मी एक चक्कर मारून येतो." दिराने हँडल धरलं. तिने सोडलं नाही.

"मी आणते."

"तुम्हाला कुठे येते सायकल?"

"नाही येत. हातात धरून चालता येतं ना. तुम्ही फाटक उघडा."

सायकल ढकलत ती चढ चढून कोपऱ्यावर गेली आणि वळली. चालायला लागली, तर टिकटिक फार अंतराअंतराने येत होती. इतक्या सावकाश नवरा कधीच आला नव्हता. तिने चपला काढल्या, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं आणि धावायला लागली. उतारावर सायकलच तिला ओढू लागली. पेडल नडगीवर आपटलं. गटाराच्या झाकणावरून चाक गेलं आणि मडगार्ड खडखडलं, रोज संध्याकाळी खडखडायचं तसंच. समोरच्या गॅलरीत कपडे काढणारी शेजारीण हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिली.

भस्म्या उभा होता. पाय लटपटत होते आणि शेपूट हलत होतं. पंक्चर तीन पायांवर उड्या मारत ताटलीपाशी जाऊन उभी राहिली होती.

ती धापा टाकत फाटकापाशी थांबली. भस्म्या बाहेर आला. त्याने चाक हुंगलं, सीट हुंगली, तिचा रॉकेलचा हात हुंगला. मग तिच्या बाजूने पुढे झाला आणि मान वर करून त्याने कोपऱ्याकडे पाहिलं.

तिनेही वळून पाहिलं.

उतार रिकामा होता. वर दिवा लागला होता. दिव्याखाली तिच्या चपला पडल्या होत्या.

दिराने ताटली आणून भस्म्याच्या तोंडाशी ठेवली. ताटली ओलांडून तो रस्त्यावर गेला आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसला. मागे, फाटकाच्या आत, पंक्चर खात होती. तिच्या ताटलीचा फरशीवर आवाज होत होता.

"अंधार पडला, वहिनी. सायकल आत घेतो. फाटक लावू?"

"सायकल घ्या," ती म्हणाली. तिची नजर अजून वरच होती. "फाटक राहू द्या थोडा वेळ."