जावयाची दाढी

दाढी डाव्या बाजूने सुटायला लागली होती. दाढदुखी असल्यासारखा गालाला तळहात लावून तो विमानाच्या शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराला खेटून बसला होता. दाढी नाटकवाल्या मित्राची होती. डिंक मात्र घरचा होता, आणि तिथेच घोटाळा झाला होता.

विमानप्रवासाचे व्हिडिओ करणं हा त्याचा धंदा. पंखावरून घरंगळणारं कोवळं ऊन, ढगांचे डोंगर, सुपाची हळूहळू वर चढणारी वाफ आणि मागे व्हायोलिन. बघणाऱ्याला वाटावं, सिनेमाच चाललाय. या धंद्यातले बाकीचे लोक कंपन्यांच्या पैशाने उडायचे आणि कंपन्यांचेच गोडवे गायचे. हा मात्र स्वतःच्या खिशातून तिकीट काढायचा. एका कंपनीने घरी कीचेन पाठवली, तर ती त्याने स्वखर्चाने कुरिअर करून परत केली. पण चेहरा ओळखीचा झाला आणि पंचाईत झाली. तो दिसला रे दिसला की विमानातली माणसं धावतपळत कढत सूप आणून ठेवायची. "तुमचं सूप गरम आणि आमचं गार, असं कसं?" प्रेक्षक विचारायला लागले. म्हणून ही दाढी. पासपोर्ट तपासून झाल्यावर बाथरूमच्या आरशात बघून लावलेली.

शेजारी खिडकीशी सासूबाई होत्या. त्या धाकट्या लेकीकडे निघाल्या होत्या. "तू जातोच आहेस, तर आईलाही ने," असं बायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"आई, विमानात मला ओळख दाखवायची नाही हं," त्याने निघताना बजावलं होतं.

"ती तयारी माझी तुमच्या लग्नाच्या दिवसापासून आहे," सासूबाई म्हणाल्या होत्या.

दाढीवाल्याच्या हातात भलामोठा कॅमेरा दिसला तर बिंग फुटेल, म्हणून तो त्याने सासूबाईंकडे दिला होता. काम सोपं होतं. काचेकडे रोखून धरायचा आणि हलवायचा नाही. त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा कुशीत घेतला होता.

सूप आलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"याला सूप म्हणतात? भांडी विसळलेलं पाणी बरं यापेक्षा. आणि तेही गारढोण!"

बोलता बोलता त्या वळल्या. त्यांच्याबरोबर कॅमेराही वळला आणि नेमका मुख्य हवाई सुंदरीवर जाऊन थांबला. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आज विमानात कोणीतरी नावाजलेलं व्हिडिओवालं माणूस आहे, अशी कुणकुण तिला लागलेलीच होती.

"मॅडम, आपण... व्हिडिओ करता का?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. त्याने नाही नाही अशी जोरजोरात मान हलवली. दाढी आणखी थोडी सुटली. सासूबाई गोड हसल्या.

"करते की!"

मग काय, वरात निघाली. पुढे हवाई सुंदरी, मागे सासूबाई, त्यांच्या कुशीत कॅमेरा. पडद्यापलीकडच्या ऐसपैस वर्गात सगळे गुडूप झाले. तो हातात चमचा धरून बघतच राहिला.

थोडा वेळ त्याने कळ काढली. मग राहवेना. कॅमेरा त्याचा जीव होता. तो उठून पडद्यापाशी गेला.

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

"काका, पुढे बसायला मिळावं म्हणून लोक काय वाटेल ती नाती सांगतात," हवाई सुंदरी म्हणाली. तरी तिने पडदा बाजूला करून विचारलं. सासूबाई पाय लांब करून पहुडल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं.

"माझ्या जावयाला दाढी नाही," त्या म्हणाल्या.

यात खोटं काहीच नव्हतं. सासूबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. खुर्ची कसली, पलंगच. त्याचा हात दाढीपर्यंत गेला. एक हिसका, की ओळख पटणार, आणि मग "या सर, बसा सर"! त्याने सुटलेली बाजू घट्ट दाबून धरली आणि तो मुकाट्याने शेवटच्या रांगेत परतला. मन स्वच्छ होतं. गुडघे मात्र हनुवटीला टेकले होते.

विमानातून उतरल्यावर कॅमेरा हाती आला, तेव्हा त्यात फक्त विमानाचं छत आणि सासूबाईंचा अर्धा अंगठा निघाला.

घरी परतल्यावर एकदा दुपारी सासूबाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर असायचा. पलीकडे विमान कंपनीचा कोणी बडा साहेब होता.

"मॅडम, आमच्यातर्फे वर्षभर हवं तिथे फिरा. पुढच्याच वर्गात. सोबत एक माणूसही आणा. फक्त आमच्याबद्दल दोन शब्द गोड बोला."

जावई कांदा चिरत होता. त्याची सुरी थांबली. कंपनी देणार सासूबाईंना. सासूबाई नेणार आपल्याला. यात आपण कंपनीकडून घेतलं काय? काहीच नाही! इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही? तो धावत जाऊन सासूबाईंच्या समोर उभा राहिला. आधी स्वतःकडे बोट दाखवलं, मग हात जोडले, मग होकाराची मान इतकी हलवली की चष्मा नाकावरून घसरला.

"नको हो," सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या. "परवा बसवलंत ना मला फुकट! उशी दगडासारखी, चहा पुचाट, आणि ती पोरगी सारखी विचारतेय, छान आहे ना? फुकटात बसलेली बाई काय सांगणार? छान, छान करत तोंड दाबून आले मी. अजून घशाशी अडकलंय सगळं. पुढच्या खेपेला माझं तिकीट मी काढीन, संडासाशेजारचं का असेना."

"पण मॅडम, का?"

"अहो, नावंच ठेवता येणार नसतील, तर मी घराबाहेर पडूच कशाला?"