कॉलरवरचा बिल्ला

ती फॉस्जीनच्या प्लांटवर ऑपरेटर होती. कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन कोळशाच्या थरातून सोडले की हा वायू तयार होतो आणि पुढे तो गाद्यांच्या फोमसाठी लागतो. त्याला नुकत्याच कापलेल्या गवतासारखा वास येतो. हुंगणाऱ्याला लगेच फारसं काही जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून प्रत्येकाच्या कॉलरला एक पांढरा बिल्ला असायचा. वायू लागला की तो निळा पडायचा.

कामावर तिचा बिल्ला कधीच निळा पडला नाही. तो पडला घरी.

तिचा नवरा शिंपी होता. कारखान्याच्या फाटकापर्यंतसुद्धा तो कधी गेला नव्हता. सकाळी तिच्या कॉलरचं सुटलेलं बटण शिवून त्याने दातांनी दोरा तोडला, आणि बिल्ला निळा झाला.

"बिल्ल्यांचा माल जुना असेल, ताई," सेफ्टी ऑफिसर म्हणाला. त्याने नवा बिल्ला दिला, दुपारी घरी येऊन वायू मोजणारं मीटरही फिरवलं. काही सापडलं नाही. नवरा तेव्हा दुकानात होता.

संध्याकाळी ती नवा बिल्ला लावून नवऱ्यासमोर बसली.

"माझ्यावर जरा फुंकर मारा."

"वेड लागलंय का गं तुला?" तो खळखळून हसला.

बिल्ला निळा झाला. खोलीभर गवताचा वास पसरला. ती मागे सरकत दाराला टेकली.

त्याचं हसू मावळलं. त्याने तळहाताने तोंड झाकलं.

"तू घरात असलीस की मी श्वास घेतच नाही गं," तो हळूच म्हणाला. "सकाळी दोरा तोडताना जरासा सुटला, आणि आता तू हसवलंस."