नुसतं झाकण लावलेलं

तिनं सातव्यांदा ओके दाबलं आणि सातव्यांदा तीच चौकट परत आली. जुनी डिस्क उघडणार नाही म्हणे.

"शी!" ती म्हणाली.

शी म्हणावं असं समोर बरंच काही होतं. लॅपटॉप अकरा महिन्यांनी भावाकडून कुरियरनं आला होता. कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा. स्पेसबार इतका चिकट, की दाबला की पचकन आवाज करून वर यायचा. पडद्यावर तेलकट बोटं. आणि सोबत चिठ्ठी: 'ताई, उघडला नाही. तसाच देतोय.' पुसून द्यायची अक्कल नाही, वर चिठ्ठी लिहायची हौस.

लॅपटॉप तिचाच. आई दवाखान्यात होती तेव्हा 'काम आहे' म्हणून भावानं नेलेला. शेवटचे दोन दिवस तो दवाखान्यात फिरकलाच नाही. फोन केला की एकच पालुपद, "ताई, एवढं काम संपवतो नि येतो." आला तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढून झाली होती. "संपलं का काम?" तिनं व्हरांड्यातच विचारलं होतं, चार लोकांसमोर. तेव्हापासून बोलणं बंद.

तिला त्या डब्यातून एकच गोष्ट हवी होती. आईचा आवाज. दुखणं सुरू झालं तेव्हा तिनं आईला समोर बसवून तासभर बोलतं केलं होतं. आईची पहिली नोकरी, बाबांशी झालेली भांडणं, शेजारणीची उणीदुणी काढणं. पण दर दोन वाक्यांमागे खोकला. फुटक्या पत्र्यावर दगड घासावा तसा. ऐकायला बसली की दोन मिनिटांत ती बंद करायची. दुसरी कॉपी करू करू म्हणत राहूनच गेली.

भावाचा हात लागलेलं विंडोज तिला डोळ्यांसमोरही नको होतं. म्हणून त्याऐवजी ऑफिसातल्या पेंग्विनकडून लिनक्सचा पेनड्राइव्ह आणला. तो उठता-बसता त्या पेंग्विनछाप लिनक्सचं कौतुक करायचा, म्हणून सगळे त्याला पेंग्विन म्हणायचे. त्यानं सांगितलं तसं डिस्कच्या रिकाम्या भागात लिनक्स टाकलं. वायफायनं पाऊण तास रडवलं. बटणं सगळी भलतीकडे. आणि आता हे.

तिनं त्याला फोन लावला. "तुझं लिनक्स भंगार आहे."

"मॅडम, चौकटीत काय लिहिलंय?"

"असेल काहीतरी. लांबलचक आहे."

"वाचलं नाही?"

"वीस वर्षं विंडोज वापरतेय मी. चौकट आली की ओके दाबायचं. वाचतंय कोण!"

"हे कारण सांगतं हो. एकदा वाचा तरी."

ती दात-ओठ खात वाचायला लागली. विंडोज बंद केलेलं नाही. ते झोपलेलं आहे. त्यात कुणाचं तरी काम उघडं राहिलेलं असू शकतं. आधी ते नीट बंद करा.

"म्हणजे कुणीतरी बंद न करता नुसतं झाकण लावलंय," पेंग्विन म्हणाला. "एक ओळ सांगतो, ती टाका. डिस्क उघडेल, जुन्या फाइली मिळतील. पण त्या वेळी पडद्यावर जे उघडं होतं ते कायमचं गेलं."

"जाऊ दे मसणात. गेम असणार."

तिनं ओळ टाइप केली. स्पेसबार चार वेळा पचकला. आता फक्त एंटर राहिलं होतं. बोट ठेवलं आणि तिच्या डोक्यात नवीनच किडा वळवळला. आई श्वासासाठी तडफडत होती तेव्हा हा कुठला गेम खेळत होता? फोटोच काढते पडद्याचा. त्यालाच पाठवते.

"थांब, नंतर करते," म्हणून तिनं फोन ठेवला. लॅपटॉप परत चालू केला आणि यादीतून विंडोज निवडलं. पासवर्ड तोच होता, आईचं माहेरचं नाव. फोनचा कॅमेरा पडद्यावर रोखून ती वाट बघत बसली.

पडदा उजळला. गेम नव्हता.

आवाजाची लांबच लांब निळी पट्टी होती. वर फाइलचं नाव: 'आई, ताईसाठी'. नावापुढे चांदणी, म्हणजे सेव्ह न केलेली. पट्टीवर बारीक बारीक झेंडे रोवलेले. खो १, खो २, खो ३... काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे नाही.

तिला काही कळेना. तिनं आवाज लावला.

आई बोलायला लागली. पहिली नोकरी. पहिला पगार. जिथं ती नेहमी बंद करायची ती जागा आली आणि गेली. आई बोलतच राहिली. शेजारणीची नक्कल केली. स्वतःच हसली. मध्ये कुठं खरखर नाही, धाप नाही. बरी असताना बोलायची तशी.

पट्टीच्या शेवटाकडे एक खोकला अर्धाच कापलेला होता. खाली शेवटच्या बदलाची तारीख-वेळ होती. तारीख आई गेली तीच. चार वाजून अकरा मिनिटं. 'आई गेली, ये' हा फोन तिनं सव्वाचारच्या आत केला होता.

तिनं कचऱ्यातून ती चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. उघडला नाही. तसाच देतोय.

मग फाइल बंद करायला गेली तर चौकट आली. बदल सेव्ह करायचे का? तिनं ती अक्षर न् अक्षर वाचली, दोनदा. मग 'होय' दाबलं. मग बिनखुणेचे झेंडे बोटानं मोजले, चिकट बटणांकडे न बघता, आणि भावाला फोन लावला.

पलीकडून दबकत, "ताई?"

"अजून सदतीस खोकले राहिलेत," ती म्हणाली. "कधी येतोस?"