काहीच अडचण नाही

“हिच्या हनुवटीला काय लागलं?” तनुजा मॅडमनी विचारलं.

जयमालानं लेकीला, योगूला, मांडीवर जवळ ओढलं. “घरी पडली, मॅडम. उंबऱ्याला अडखळून.”

योगू पडली होती ती इथेच, पाळणाघरात. खोली भरून पोरं आणि सांभाळायला एकट्या यशोदामावशी. त्या एका तान्ह्याला दूध पाजत होत्या, तेवढ्यात ही खिडकीत चढली.

चाकणच्या कंपन्यांत लाइनवर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी एक ट्रस्ट हे पाळणाघर चालवत होता. पुढच्या वर्षी ते चालू ठेवायचं की नाही, हे ट्रस्टनं पाठवलेल्या तनुजा मॅडमच्या अहवालावर ठरणार होतं. इथलं सगळं बघणाऱ्या सुमनताईंनी सकाळीच आयांना दारात गाठलं होतं.

“बायांनो, तोंड सांभाळा. इथली एक जरी खोट सांगितली की कुलूप लागंल. मग न्या पोरं कंपनीत. सुपरवायझर पाळणा हलवंल!”

सगळ्या हसल्या. जयमालाही हसली. पण पाळणाघर गेलं की एकतर नोकरी जाणार, नाहीतर योगू लातूरला, सासूकडे.

आत्ताही तिचं अर्धं लक्ष बाहेर होतं. शिफ्टची बस येऊन थांबली होती.

तनुजा मॅडमनी सुमनताईंना चहा सांगायला पाठवलं आणि लॅपटॉप मिटला. “आता आपण दोघीच. माझीपण एवढीच आहे. वाकडला, आईजवळ. दिवसभर फोन बघत असते मी. तुम्हाला नाही वाटत काळजी?”

लाइनवर फोन न्यायला बंदी. वायरी जोडता जोडता जयमालाला ती खिडकीच दिसायची.

“मावशी लई जीव लावतात,” ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणून पटकन बोलता आलं.

“पण एकट्या पुरतात?”

बांगड्यांशी खेळत योगूनं हनुवटी आईच्या हातावर टेकवली. शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

“पुरतात की.”

“नीट आठवा ना. काहीतरी कमी असेलच.”

खोट काढायलाच आलीय ही, जयमालाला वाटलं. “काहीच अडचण नाही, मॅडम.”

 तनुजा मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि तेच लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात निकाल सांगायला त्याच आल्या. सुमनताईंनी पेढे आणून ठेवले होते.

“ट्रस्टच्या सगळ्या केंद्रांत तुमचं पहिलं आलं,” मॅडम म्हणाल्या. “एकही तक्रार नाही.”

टाळ्या पडल्या. “आमी म्हणलं न्हवतं?” म्हणत सुमनताईंनी जयमालाच्या पाठीत लाडानं धपाटा घातला. जयमालानं योगूचा पापा घेतला. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

“अहवाल होईपर्यंत मला बोलायची मुभा नव्हती,” तनुजा मॅडम म्हणाल्या. पेढा त्यांच्या हातात तसाच होता. “पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत, म्हणून जिथं काही कमी आहे तिथंच द्यायचे, असं ट्रस्टनं ठरवलंय. तुमच्याकडे काहीच कमी नाही. म्हणून हे पाळणाघर बंद होतंय.”