सात रविवार

"आणि तीन वाजता बिशप मिसेस हॅलोवेलना घरी भेटायला जातील," चर्चच्या पाद्री मदर ऑड्रांनी कागदावरची शेवटची सूचना वाचली. "सोबत मी आणि मार्नी. हो ना गं, मार्नी?"

मार्नीच्या कडेवर दीड वर्षाची पिपा होती. त्यामुळे तिने मान हलवली की नाही, ते कुणाला नीट दिसलं नाही.

सेंट ऑल्बन चर्चच्या सभागृहात प्रार्थनेनंतरची कॉफी चालली होती. बिशप तीन वर्षांनी येणार होते. चौघांचा दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा विधी, मग सगळ्यांचं एकत्र जेवण.

"आडनाव ए ते एम, त्यांनी गरम पदार्थ आणायचे. बाकीच्यांनी सॅलड," जेवणाचं बघणारी डॉटी म्हणाली. "आणि हात जोडते, बटाटा सोडून काहीतरी करा. मागच्या खेपेला बिचाऱ्या बिशपांनी नऊ तऱ्हेचे बटाटे गिळले."

"दहा," तिचा नवरा म्हणाला. "तू तुझा धरलाच नाहीस."

हशा पिकला. मार्नीही हसली, जरा उशिरा.

डिसेंबरात मिसेस हॅलोवेल बर्फावरून घसरल्या आणि एक्याऐंशीव्या वर्षी खुबा मोडून घरी बसल्या. तेव्हापासून त्यांना प्रभुभोजन पोहोचवायचं काम मार्नीकडे होतं. दर रविवारी मदर ऑड्रा वेदीसमोर तिच्या हातात भाकर आणि द्राक्षारसाची छोटी डबी ठेवत. सगळी मंडळी उभी राहून, मोठ्याने आशीर्वाद देऊन तिला पाठवत. तिने जायचं, म्हातारीबरोबर प्रार्थना करायची, दोघींनी मिळून घ्यायचं आणि परत येऊन वहीत नोंद करायची.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी पिपाचा कान ठणकत होता. गाडीत ती किंचाळून निळी पडायची बाकी होती. नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर. मार्नीने किराणा दुकानामागे गाडी थांबवली. पोर शांत होईपर्यंत तास गेला. मग तिने डबी उघडली. वेदीवर पवित्र केलेली ती भाकर टाकता येत नाही, घरी ठेवता येत नाही. तिने दोघींचा वाटा एकटीनेच खाल्ला. द्राक्षारसही प्यायली. मागच्या सीटवरून पिपा टक लावून बघत होती.

आणि वहीत तिने लिहिलं : मिसेस हॅलोवेल, दिलं. सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं होतं ना!

पुढच्या रविवारी पिपा ठणठणीत होती. पण मागच्या वेळी का आली नाहीस, असं म्हातारीने विचारलं तर? मार्नीने गाडी पुन्हा त्याच दुकानामागे नेली. उपवासकाळाचे सहा रविवार असे गेले. ईस्टरचा सातवा.

त्यानंतर मात्र तिला राहवेना. पुढच्या रविवारी तिने जाऊन बेल वाजवली. मिसेस हॅलोवेलनी दार उघडलं. हातात काठी होती, पण नुसती धरलेली. त्या सात आठवड्यांबद्दल चकार शब्द नाही! उलट लिंबाच्या वड्यांचा डबाच पुढे केला आणि सगळा वेळ पिपाकडे बघत राहिल्या. मार्नीच्या नजरेला नजर नाही. त्यानंतरही दर रविवारी तेच. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मार्नीला वाटे.

आज सभागृह रिकामं होताना तिने मदर ऑड्रांना गाठलं.

"मदर, एक बोलायचं होतं. त्या वहीबद्दल."

"अगं, ती बिशपांनी आधीच मागवून घेतलीय! तुझी नेमणूक पुढे चालू ठेवायची तर त्यांचीच सही लागते ना. किती नीटस ठेवलीस!" मदर खुर्च्या रचता रचता म्हणाल्या. "बोलू आपण, हा रविवार एकदा पार पडू दे."

रविवार आला. बिशपांनी बटाट्याचे सहा प्रकार खाल्ले आणि सहाही वाखाणले. तीन वाजता ते मिसेस हॅलोवेलच्या बैठकीच्या खोलीत, मांडीवर वही घेऊन बसले होते.

"उपवासकाळ ते ईस्टर, एकही रविवार चुकलेला नाही," ते म्हणाले. "तेही तान्ही पोर सांभाळून. खरंच येत होती ना हो ही?"

विचारलं थट्टेनेच. पण मिसेस हॅलोवेलचा चेहरा उतरला. मार्नीने पिपाला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. आता सगळं बाहेर येणार. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"एकही नाही चुकला," मिसेस हॅलोवेल म्हणाल्या.

बिशपांनी सही केली.

मार्नीचे डोळे भरून आले. आपल्यासाठी ही बाई बिशपांसमोर खोटं बोलली! चहाचे कप उचलायच्या निमित्ताने ती त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"मिसेस हॅलोवेल, मला कबूल करायचंय. ते सात रविवार..."

"थांब. आधी मी." म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. "त्या लुथरन लोकांच्या, पलीकडच्या पंथाच्या चर्चमध्ये ईस्टरच्या गाण्याला बायका कमी पडत होत्या. शेजारचा आर्विड गाडीतून न्यायचा मला. आपल्याकडे कळलं असतं तर काय म्हणाले असते सगळे? सातही रविवार मी घरात नव्हते गं. आणि तू पोर कडेवर घेऊन, थंडीत बंद दारापुढे उभी राहून परत गेलीस, आणि वहीत माझी लाज राखलीस. मला माफ करशील ना, पोरी?"