हरवायची अट

“मला एकदा हरव, मग मी निमूट ऑपरेशनला जातो,” असं म्हणून चष्मेवाल्यांनी बुद्धिबळाचा पट उलगडला आणि सोंगट्या मांडायला घेतल्या.

भिंगकाका नुसते बघत राहिले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. भिंग हे नावही तिथलंच. काकू गेल्यापासून मात्र ते खिडकीपाशी खुर्ची धरून बसलेले असत. दार वाजलं तरी उठत नसत. त्या दिवशी त्यांचा हा चष्म्याचं दुकान चालवणारा बालमित्र दार लोटून आत आला होता, आणि छातीत बिघाड निघालाय, ऑपरेशन सांगितलंय, पण मी ते करून घेणार नाही, असं सांगून मोकळा झाला होता. काकांनी समजावलं, चिडून पाहिलं, हात जोडले. पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. शेवटी त्यानेच ही अट काढली.

कॉलेजात दोघे तोडीस तोड खेळत. पण लग्नानंतर काकांनी पटाला हात लावला नव्हता, आणि चष्मेवाले दुकानात गिऱ्हाईक नसलं की आजतागायत खेळत आले होते. पहिला डाव सुरू होतो न होतो तोच संपला.

“मुद्दाम हर की,” काका म्हणाले.

“चुका पकडण्यात तुझा हात कोण धरणार? मुद्दाम हरलो तर तुला कळेल. आणि मग अट रद्द.”

मित्राचा जीव धोक्यात, आणि आपल्याला घोड्याची अडीच घरं धड आठवत नाहीत, याची काकांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि वाचनालय गाठलं. बुद्धिबळाची जी पुस्तकं होती ती सगळी उचलून आणली. टेबलावरचा बल्ब कधीचा गेला होता, तोही बदलला. मित्र रोज संध्याकाळी येणार, तर घरात चहा-साखर हवी, म्हणून बाजारात जाणं आलं.

आधी त्यांनी डावांच्या सुरुवाती पाठ केल्या, शाळेत पाढे पाठ करावेत तशा. चष्मेवाले तिसरीच चाल भलती खेळले आणि सगळं पाठांतर पाण्यात गेलं. मग काकांनी सुरुवाती बाजूला ठेवल्या आणि उलट्या टोकाने घेतलं: पटावर फक्त राजा, हत्ती आणि एखाददुसरं प्यादं उरलं तर काय करायचं, इतकंच. सकाळी उत्तर हाताने झाकून एक कोडं सोडवायचं. दुपारी आदल्या दिवशी हरलेला डाव पुन्हा मांडायचा आणि नेमकं कुठे घसरलो ते शोधायचं. हे काम त्यांच्या आवडीचं होतं. स्वतःचीच मुद्रितं तपासायची, आणखी काय!

तरीही हार काही चुकेना. मग एका दुपारी आपली खोड त्यांच्या ध्यानात आली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, स्वतः एक ओळ लिहिली नाही. पटावरही ते तेच करत होते. सगळं राखून, समोरचा कधी चुकतोय याची वाट बघत. चष्मेवाले बेटे चुकत नसत. त्या दिवसापासून काका चढाई करायला शिकू लागले.

लिफ्ट बंद असली की चष्मेवाले शीळ घालत जिने चढत. काका वरून दटावत, अरे, सावकाश ये, छाती सांभाळ.

“डॉक्टरकडे जातोस ना?” एकदा त्यांनी विचारलं.

“जातो की. सगळं सांगतो.”

“काय म्हणतात?”

“सुधारणा आहे म्हणतात. असंच चालू ठेवा.”

“सुधारणेने काय होतंय? ऑपरेशन टळतंय का?” काका फणकारले आणि त्यांनी उंट पुढे ढकलला.

असे दिवस गेले, ऋतू गेले. आणि एका संध्याकाळी काकांनी आपणहून हत्ती दिला. चष्मेवाल्यांनी तो मारला, आणि मग बराच वेळ ते पटाकडे बघत बसले. काकांचं प्यादं शेवटच्या घरात पोहोचत होतं आणि त्याला अडवायला कुणीच उरलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी आपला राजा आडवा केला. चष्मा काढून डोळे पुसले.

“जिंकलास रे,” ते म्हणाले.

गडी घाबरला, असं काकांना वाटलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपणही बरोबर येणार म्हणून सांगितलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. किती दिवसांनी ते अंथरुणाला पाठ टेकताच झोपले.

सकाळी पिशवीत टॉवेल, सपाता आणि छोटा प्रवासी पट भरून काका तयार होते. दवाखान्यात सबंध वेळ ते मित्राच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. रस्त्यावरच्या पाट्यांतल्यासुद्धा चुका काढणारा माणूस, पण दारावरची पाटी वाचायचं त्यांना सुचलं नाही. चष्मेवाले आत जाऊन लगेच बाहेर आले आणि म्हणाले, तुला बोलावलंय.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, घाईत नव्हत्या. झोप लागते का, जेवण कसं आहे, बाहेर जाता का, असं त्या विचारत गेल्या. आपल्याला आजाऱ्याची उस्तवार झेपेल का हे बघतायत, असा काकांनी हिशोब केला. झोप लागते, भूक लागते, बाजारहाट मीच करतो, स्वयंपाकही जमायला लागलाय, असं त्यांनी ठासून सांगितलं.

“आणि कधी अगदी एकटं वाटतं?”

“वेळ कुठे असतो? रोज एक डाव असतो, त्याची तयारी असते.” मग त्यांना राहवेना. “डॉक्टर, मला भीती वाटते हो. त्याला काही झालं तर मी काय करू? माझं जाऊ द्या, त्याचं ऑपरेशन कधी आहे तेवढं सांगा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“काका, त्यांना काहीही झालेलं नाही. ते माझ्याकडे येत होते ते तुमच्यासाठी, आणि आज तुमचे उपचार संपले.”